‘सुमारास’ जन्मलेला मामा

मामादूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत होता, आणि मी त्याच्यावर ओरडले. सौदीतल्या ताइफच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू होऊन मला चौथा दिवस होता. खुर्च्या आधीच कमी, पेशंट कॉरिडॉरमध्ये ताटकळलेले, आणि हा धडधाकट माणूस हॉस्पिटलचा निळा गणवेश घालून व्यायामाच्या हॉलमध्ये चाकं गरगर फिरवतोय! "उठा आधी," मी इंग्रजीत म्हटलं, "ही पेशंटची खुर्ची आहे." तो उठला. म्हणजे उठायला लागला आणि उठतच राहिला. माझी मान मागे मागे गेली. पावणेसात फूट उंचीवरून आवाज आला, "सॉरी, बॉस. सराव करत होतो."

"कसला सराव?"

"बसण्याचा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. कमरेखाली अधू झालेल्या पेशंटशी मामादू कधीच उभ्याने बोलत नसे. आधी कुठून तरी रिकामी खुर्ची ओढून आणायचा, तीत कसाबसा मावायचा, गुडघे छातीशी आलेले, आणि मग बोलायला सुरुवात करायचा. सापडली नाही खुर्ची तर सरळ फरशीवर मांडी घालायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मला सगळी दुनिया मान वर करून बघत आलीय. त्यात बोलणं होत नाही, बॉस. नुसती मान दुखते." फिजिओथेरपीची पदवी माझ्याकडे होती. मानदुखीबद्दलचं हे एवढं साधं निदान मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याला मामा हे नाव रझिया आपांनी दिलं. रझिया आपा आमच्या विभागाच्या इनचार्ज सिस्टर, मूळच्या चिपळूणच्या, इथे येऊन केस पिकलेल्या. पहिल्या दिवशी त्याचं पूर्ण नाव ऐकून त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "एवढं लांब कोण घेतो? मामा. उंची बघता आईचाच भाऊ शोभतोस." मामा म्हणजे काय हे कळल्यावर तो फार खूश झाला. त्याच्या देशात, मालीत, आईच्या भावाकडे भाच्याने हक्काने काहीही मागावं अशी रीत आहे. तेव्हापासून तो मलाच विचारायचा, "भाची, आज काय हवंय?" आणि मीही सरळ अरे-तुरे करायला लागले. आमच्याकडे मामाला अहो-जाहो कोण करतं?

पण त्याची दुसरी एक सवय मला अजिबात खपली नव्हती. दुपारी डबा उघडून मी मटकीची उसळ खात असले की हा दारातून डोकावायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "बघा, बघा, कडधान्यखाऊ जेवतायत!" पहिल्यांदा मी चमचा खाली ठेवला आणि त्याला चांगलं सुनावलं. कुणाच्या जेवणावरून कुणाला हिणवायचं नाही, ही सुरुवात कुठून होते आणि कुठे जाते हे मला ठाऊक आहे, वगैरे. पाच मिनिटं बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भाषण छान होतं. पण तू मला उलटी शिवी द्यायची होतीस." मग त्याने समजावलं. त्याच्या गावाकडे ठरावीक आडनावांच्या लोकांमध्ये थट्टेचं नातं असतं. समोरासमोर आले की एकमेकांना कडधान्यखाऊ म्हणायचं, गाढव म्हणायचं. रागवायची बंदी असते. उलट न चिडवता निघून गेलं तर लोक म्हणतात, काय घमेंडखोर आहे. त्याने विचार करून अख्ख्या मराठी मुलखाला त्या नात्यात घेतलं होतं. रझिया आपांना हे लगेच जमलं. "जा रे, बांबू," त्या म्हणायच्या, "पंख्यात डोकं घालशील." मला मात्र फार दिवस जमलं नाही. मी चळवळीतून आलेली, शब्द तोलून बघायची सवय लागलेली.

याच शिवीने त्याने सालेमला उठवला, तेव्हा मात्र मी माझं भाषण आवरतं घेतलं. सालेम तिशीतला, पिकअप चालवायचा. घाटात गाडी उलटली आणि कमरेखालचं सगळं गेलं. आमच्याकडे आला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी रोज जायचे, व्यायामाचे फायदे सांगायचे, तो डोळे मिटून घ्यायचा. एका सकाळी मामा नाश्त्याच्या वेळी तिथे गेला, फरशीवर बसला आणि सालेमच्या ताटलीकडे बघू लागला. ताटलीत फूल होतं. फूल म्हणजे इथला शिजवलेल्या घेवड्यासारख्या दाण्यांचा नाश्ता. "सुभानल्ला," मामा अरबीत म्हणाला, "हासुद्धा कडधान्यखाऊ! भारतात आहेत, आता इथेही निघाले." सालेमने वळून पाहिलं. "काय म्हणालास?"

"कडधान्यखाऊ म्हणालो. झोपून खाणारा. बसून खाणारे तरी बरे."

सालेमने ब्रेडचा तुकडा फेकून मारला. लागला नाही. "इथे ये, दाखवतो तुला!"

"मी कशाला येऊ? तू ये. खुर्ची आहे तिथे."

त्या दिवशी सालेम खुर्चीत बसला. मारायला म्हणून बसला. दोन महिन्यांनी तो मामाकडून चेंडू हिसकावत होता आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात त्याला जिराफ म्हणत होता. मग आणखी पाच-सहा जण आले. पार्किंगच्या मागे एक जुनं सिमेंटचं मैदान होतं, त्यावर रिंग बसवली गेली. खुर्च्यांवरून बास्केटबॉल. मामाही खुर्चीत बसूनच खेळायचा, हात वर केला की रिंगला लागायचा, आणि सगळे मिळून त्याला नियमाबाहेर ठरवायचे.

हा खेळ त्याला येतो कसा, हे त्याने आपणहून कधीच सांगितलं नाही. ते मला एकेक दात काढावा तसं काढून घ्यावं लागलं.

मामादूचे वडील मालीच्या राजधानीत, बामाकोच्या बाजारात शिंपी. एक दिवस दुकानात एक गोरा माणूस टेप घेऊन आला आणि मुलाला भिंतीला उभं करून मापं घ्यायला लागला. वडिलांना वाटलं, धंद्यातला माणूस दिसतो. त्यांनीही आपला टेप काढला आणि मोजून सांगितलं, "तुमचा टेप दोन बोटं कमी दाखवतो." तो बास्केटबॉलसाठी उंच मुलं शोधत हिंडणारा निघाला, आणि एवढ्यावर अमेरिका ठरली. सतरा वर्षांचा असावा. पुढे एका थंड राज्यातली शाळा, मग कॉलेज, शिष्यवृत्ती. पहिलं वर्षभर तो बाकावर बसून होता. "टाळ्या वाजवायचो," तो म्हणायचा. "बाकावरच्यांचं कामच ते. मी उत्तम टाळ्या वाजवायचो. कोच म्हणायचा, तुझ्या तळव्यांचा आवाज वरच्या रांगेपर्यंत जातो." दुसऱ्या वर्षी संघातला मुख्य उंच खेळाडू जखमी झाला आणि हा मैदानात उतरला. त्यानंतर काय झालं हे सांगताना मात्र त्याचा आवाज बदलायचा. तो त्यातला एकेक सामना सांगू शकायचा. कुठल्या गावात, कुणाच्या हातून चेंडू आला, हॉलला रंगाचा कसा वास होता. गावातला न्हावी त्याच्याकडून पैसे घेईनासा झाला. कोच त्याला "बेटा" म्हणायला लागला.

मग कुणीतरी त्याचं वय विचारलं.

एवढा उंच, एवढे रुंद खांदे, हा एकोणीस वर्षांचा? पासपोर्टवर जन्मतारीख एक जानेवारी. आता एक जानेवारीलाच बरा जन्मला! दुसऱ्या गावात सामना होता तेव्हा प्रेक्षक नकली पांढऱ्या दाढ्या लावून आले. "आजोबा, आजोबा," असा अख्खा हॉल ओरडत होता. एकाने मैदानात काठी फेकली. "चांगली काठी होती," मामा म्हणाला. "मी घेऊन आलो. घरमालकिणीच्या आईला दिली." चौकशी लागली. मालीतून शाळेचा दाखला मागवला, तर त्यावर तारीखच नव्हती. फ्रेंचमध्ये दोन शब्द आणि एक साल. अमुक सालच्या "सुमारास" जन्म. तिथे खेड्यातल्या लोकांच्या कागदांवर असंच लिहिलेलं असतं. पासपोर्ट काढताना खिडकीमागच्या कारकुनाच्या यंत्रात दिवस आणि महिना भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नव्हता, म्हणून त्याने एक जानेवारी टाकलं, आणि सालही जवळपासचं धरलं. दोन कागदांवर दोन सालं. त्याला अपात्र ठरवलं, शिष्यवृत्ती गेली, खेळलेला हंगाम पुसून टाकला. म्हणजे तो ज्या सामन्यांत खेळला ते सामने झालेच नाहीत, असं धरायचं. बेटा म्हणणारा कोच फोन उचलेना.

"आणि तू काय केलंस?" मी विचारलं.

"कपडे धुऊन परत दिले. संघाचे होते."

"अरे, पण कोचला जाब नाही विचारलास?"

"त्याची नोकरी होती ती, बॉस. खलास."

मला त्या शब्दाचा संताप यायचा. इथे ज्याला त्याला खलास म्हणतात, काम झालं तरी खलास, पुरे म्हणायचं तरी खलास. मी त्याला सांगितलं, "माझ्या भाषेत खलास म्हणजे माणूस मेला."

"माझ्या तोंडात," तो म्हणाला, "जेवण झालं."

पुढची गोष्टही अशीच. छोट्या गावांतल्या कुठल्याशा संघातून खेळला, तो संघ हंगामाच्या मध्यात बंद पडला. मग आखातात आला, इथल्या एका दुय्यम क्लबातून दोन हंगाम खेळला, गुडघा गेला. गुडघ्यावर उपचार करणाऱ्याने ओळखीने या हॉस्पिटलात लावून दिलं. पेशंट उचलणे, हलवणे, नेणे-आणणे. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, व्यवसाय म्हणून लिहिलं होतं, "आमिल". कामगार. यात कमीपणा काही नाही, मी कामगारांच्याच बाजूने पत्रकं वाटलेली आहेत. पण जो माणूस संध्याकाळी सहा-सात जणांना खुर्चीवरून खेळायला शिकवतो, त्याला त्या कार्डावर एकच शब्द हवा होता. "मुदर्रिब." प्रशिक्षक. मी आग्रह करकरून विचारलं होतं, तुला आयुष्यात पाहिजे काय? तेव्हा त्याने कार्ड काढून त्या रकान्यावर बोट ठेवलं होतं. "अमेरिकेत मी विद्यार्थी होतो, पण शिकू दिलं नाही. क्लबात परदेशी खेळाडू. इथे आमिल. आता मी जे करतो ते इथे लिहिलेलं असावं. एवढंच."

आणि संधी आली. हॉस्पिटलने ठरवलं, खुर्चीवरच्या बास्केटबॉलचा अधिकृत संघ करायचा, प्रशिक्षकाची जागा भरायची. आत काम करणाऱ्यांनाही अर्ज करता येणार होता. अर्जात खेळाचा अनुभव मागितला होता, आणि पुरावा. मामाने त्या रकान्यात फक्त इथल्या क्लबाचं नाव लिहिलं.

"अमेरिका?" मी म्हटलं.

"ते सामने झालेच नाहीत, भाची. कागदावर."

"अरे चिड की रे एकदा! एकदा तरी!"

तो हसला. हे हसणं मला त्या काळात दिसलं की कानशिलं तापायची. मी कराडला कॉलेजात असताना विद्यार्थ्यांच्या संघटनेत पत्रकं लिहायचे. फीवाढ, वसतिगृहाचं पाणी, मुलींच्या बसचे थांबे. आमचे तिथले थोरले कार्यकर्ते एकच नियम शिकवायचे. सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्या ओळीत. वाचणारा पत्रक दुमडून खिशात घालायच्या आत ती ओळ त्याला लागली पाहिजे. मी त्या शुक्रवारच्या सुटीत बसले आणि हॉस्पिटलच्या संचालकांना चार पानी निवेदन लिहिलं. इंग्रजीत. पहिली ओळ अशी होती: "मामादू यांच्या पासपोर्टवरची जन्मतारीख खरी नाही, ती एका कारकुनाने भरलेली आहे, आणि त्या कारकुनाच्या एका बोटाने त्यांचं खेळाडू म्हणून आयुष्य संपवलं." खाली सगळा इतिहास. शेवटी मागणी, हा अन्याय ध्यानात घेऊन अमेरिकेतला खेळ अनुभव म्हणून धरावा.

मला यात धोका दिसलाच नाही. दिसणार कसा? आमच्या घरी वडिलांचा वाढदिवस एक जून. थोरल्या काकांचा एक जून, धाकट्या काकांचाही एक जून. एसटीच्या डेपोत वडिलांबरोबर काम करणाऱ्या निम्म्या मेकॅनिकांचा एक जून. गुरुजींनी मुलाला डोक्यावरून हात न्यायला सांगायचं, बोटं पलीकडच्या कानाला लागली की पहिलीत घालायचं आणि तारखेच्या जागी एक जून लिहून मोकळं व्हायचं. निवृत्तीला सगळे एकाच दिवशी हार घालून घेतात. आम्ही यावर हसतो. खोटी तारीख हा आमच्याकडे गुन्हा नाहीच, ती एका पिढीची साथ आहे. मला वाटलं, हे जगातल्या कुणालाही एका वाक्यात पटेल.

निवेदन मी मामाला वाचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणून नाही दाखवलं. पाकिटात घालून देऊन आले.

नियमाप्रमाणे ते अरबीत भाषांतरासाठी गेलं. भाषांतर करणाऱ्याने "खरी नाही" याला जो शब्द घातला तो होता "मुझव्वर". बनावट. मामादूच्या पासपोर्टवरची तारीख बनावट आहे, असं आमच्याच विभागातल्या थेरपिस्टने सहीनिशी कळवलं आहे.

तीन दिवसांनी कर्मचारी विभागातल्या अधिकाऱ्याने मला बोलावलं. सभ्य माणूस. आधी गहवा, म्हणजे इथली कॉफी, दिला, खजूर पुढे केला. मी तावातावाने सांगायला लागले की भाषांतर चुकलंय, पुढची पानं वाचा, दुसऱ्या पानावर सगळा खुलासा आहे. त्याने पान उलटलंच नाही. "सिस्टर," तो म्हणाला, "पहिली ओळ वाचल्यावर मला पुढे वाचायची परवानगीच नाही. हे कायद्याच्या विभागाकडे जातं." मी थेरपिस्ट आहे, सिस्टर नाही, हे सांगण्याचंही मला भान राहिलं नाही.

रझिया आपांनी मला लिनन रूममध्ये ओढून नेलं. "अगो, तुला कुणी शहाणपण शिकवलं? पंचवीस वर्षं मी इथे आहे, माझ्या आईच्या नावाचं स्पेलिंग इकाम्यावर चुकलंय, मी तोंडातून शब्द काढलाय कधी? कागद जसा आहे तसा असतो. तू कागदाला खोटा म्हणालीस म्हणजे माणसाला खोटा म्हणालीस."

"पण आपा, अन्याय..."

"अन्याय त्याच्यावर झाला ना? मग त्याला विचारायचं होतंस. तुझ्या मालकीचा होता काय तो?"

मी एक चादर उचलून तिची घडी घालायला लागले.

कायद्याच्या विभागाने दोन रस्ते काढले. पहिला असा की मामादूने लिहून द्यायचं, हे निवेदन त्याच्या माहितीशिवाय दिलं आहे, यातला मजकूर खोटा आहे. तसं केलं तर त्याची आमिलची नोकरी राहील, प्रशिक्षकाचा अर्ज बाद होईल, आणि सहकाऱ्याच्या कागदपत्रांबद्दल खोटी तक्रार केली म्हणून कारवाई माझ्यावर. नवीन माणूस, पहिला करार. रझिया आपांनी स्पष्ट सांगितलं, घरी पाठवतील. दुसरा रस्ता, मामादूने जन्माचा मूळ दाखला आणून तारीख सिद्ध करायची. तोवर काहीच हलणार नाही. जागाही नाही, नवा करारही नाही, आणि त्याचा करार दोन महिन्यांत संपत होता.

मी त्याला सिमेंटच्या मैदानावर गाठला. तो खुर्चीच्या चाकात हवा भरत होता. मी म्हटलं, "सही करून टाक. मी लिहिलं, मी भोगीन. कराडला जाऊन दवाखाना काढीन."

"नको."

"नको काय? चूक माझी आहे!"

"हो, तुझीच आहे," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो हसला नाही. "तू मला विचारलं नाहीस, भाची. टेप घेऊन आलेल्या माणसानेही विचारलं नव्हतं. त्याने वडिलांना विचारलं. तू तर कुणालाच नाही विचारलंस."

मी उभी होते. मग खाली बसले, सिमेंटवर.

तो पंप बाजूला ठेवून म्हणाला, "पण बाहेर बसायचा मला अनुभव आहे. तुला नाही. तू वेडी होशील, रोज पत्रकं लिहिशील." आणि दुसऱ्या दिवशी त्या अधिकाऱ्यासमोर जाऊन त्याने सांगितलं, "मीच सांगितलं तिला. तिने फक्त लिहिलं." जन्मात कधी तक्रार न केलेल्या माणसाने कबूल केलं की ही चार पानी तक्रार आपली आहे. मला हे आपांकडून कळलं. मी धावत वर गेले, अधिकाऱ्याला म्हणाले, तो खोटं बोलतोय. अधिकारी दमून गेला होता माझ्यामुळे. "सिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांना खोटं ठरवताय. मी एकाचं धरतो. त्याचं धरतो. घरी जा."

मालीच्या जेद्दातल्या वकिलातीत सांगितलं गेलं, असा दाखला इथून मिळत नाही. गावच्या कोर्टात स्वतः उभं राहावं लागतं, साक्षीदार आणावे लागतात. कोर्टाच्या तारखेपर्यंत करार टिकणार नव्हता. मामाच्या पासपोर्टवर कायमचा निघण्याचा शिक्का बसला. त्या दोन महिन्यांत मी त्याच्यावर इतकी चिडले की काही विचारू नका. तो नेहमीसारखा येत होता, पेशंट उचलत होता, डब्यात डोकावून कडधान्यखाऊ म्हणत होता. मी म्हटलं, "तुला राग येत नाही म्हणून हे सगळं असंच चालतं. तुझ्यासारख्यांमुळेच." तो म्हणाला, "तुझ्यासारखीचा राग मला रोज मिळतोय ना. दोघांना पुरतो." मी पहिल्यांदा उलटी शिवी दिली. म्हटलं, "जा रे, विजेच्या खांबा." त्याने दोन्ही हात वर करून छताला लावले आणि वॉर्डात ओरडला, "शिकली! भाची शिकली!"

निघायच्या दिवशी पेशंट पार्किंगमध्ये खुर्च्या घेऊन आले. सालेमने त्याच्याशी हस्तांदोलन करायचं नाकारलं. म्हणाला, "जिराफा, खाली वाक तरी." मामा वाकला नाही. तो गाडीच्या शेजारी, डांबरावर मांडी घालून बसला, आणि मग दोघांनी एकमेकांचे खांदे धरले. ड्रायव्हर यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता. माझ्याशी तो एवढंच बोलला, "लिहीत राहा, बॉस. पण आधी वाचून दाखव."

जागेवर दुसरा प्रशिक्षक आला. प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आला. चांगला शिकवतो, माझी काही तक्रार नाही. उभा राहून शिकवतो.

मधल्या काळात मामाने कोर्ट पार पाडलं. सेगू शहराच्या पुढचं त्याचं गाव, तिथवर बसने दिवसभर. दोन म्हातारे साक्षीला आणि त्याची आत्या. आत्याला सगळं आठवत होतं. पाऊस संपून बाजरी कापायला आली होती, त्या वर्षी शेजाऱ्याची विहीर ढासळली होती, आणि हा पोरगा पायाकडून आला. न्यायाधीशाने हिशेब करून साल काढलं. अमेरिकेत जे वय त्याने सांगितलं होतं तेच बरोबर निघालं. मग न्यायाधीश म्हणाला, ऑक्टोबर दिसतो, दिवस तुम्ही सांगा, मी लिहितो.

हे सगळं त्याने मला मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं. मी हा लेख त्याला वाचून दाखवत होते, ओळीओळीचं इंग्रजी करून. तो मध्येच थांबवून म्हणाला, दाखला मिळाला.

"कुठला दिवस घेतलास?"

"एक जानेवारी."

मी खुर्चीतून उठले. "मामा! अरे, खरा महिना समोर आला होता! फुकट! न्यायाधीश स्वतः विचारत होता!"

"ऑक्टोबर घेतला असता, भाची, तर तो दुसराच माणूस झाला असता. मग अमेरिकेत खेळलं कोण? त्यांनी एकदा पुसलं. मी आपल्या हाताने परत पुसू?"

सगळे कागद आता जुळतात. पासपोर्ट, दाखला, साल, दिवस. जुळून उपयोग काय, जागा गेली. मी तेच म्हणाले, जरा जोरातच म्हणाले. मग इतक्या लांब, बसने, दिवसभर, कशासाठी गेला होतास?

"आत्या भेटली," तो म्हणाला. "सोळा वर्षांनी. कोर्टाच्या दारातच ओरडली माझ्यावर, की एवढा उशीर का केलास."